कोरी काच

प्रयोगशाळेतलं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं, असं विचारलंत तर तिथला कुणीही पापणी न लववता सांगेल, कोरी काच. बाकीच्या काचा गमतीच्या. नखाएवढ्या पातळ काचेवर पेशी वाढवायच्या आणि त्यांना अँटीबॉडी लावायची. ही अँटीबॉडी शेपटीला हिरवा रंग बांधून पेशीत शिरते आणि हजारो प्रथिनांच्या गर्दीतून नेमकं आपलंच प्रथिन शोधून त्याला चिकटते. मग सूक्ष्मदर्शकाखाली निळा झोत टाकला की ते प्रथिन जिथे जिथे असेल तिथे हिरवे ठिपके दिसतात. कोरी काच म्हणजे तशाच पेशींची तशीच काच, फक्त तिला अँटीबॉडी लावायची नाही. बाकी सगळे सोपस्कार करायचे आणि शेवटी अंधारात डोळा लावून काहीच दिसत नाही, एवढंच पाहायचं. आत्यानं हे काम वर्षानुवर्षं न कुरकुरता केलं होतं. एका मुलीच्या पेशींसाठी मात्र तिनं ते टाळलं.

आत्या ही काही सगळ्या जगाची आत्या नव्हती, ती एकाच मुलीची. पण ती मुलगी एकदा प्रयोगशाळेत आली आणि "आत्या, आत्या" करत साऱ्या व्हरांड्यातून अशी काही धावली, की त्या दिवसापासून आत्याहून वयानं मोठी माणसंही तिला आत्याच म्हणायला लागली. मुलीला घरात भिंगरी म्हणत. चालायला लागल्यापासून पाय जागेवर ठरला असेल तर शपथ. जेवताना घास तोंडात आणि पाय अंगणात.

ही भिंगरी दाराच्या चौकटींना धडकायला लागली तेव्हा आधी सगळे हसले. "धसमुसळी आहे नुसती," असं वहिनी म्हणाली. मग एक दिवस ती उघड्या खिडकीशी बसून विचारायला लागली, "आई, दिवा का नाही लावत?" त्यानंतर कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या करून जे सांगितलं ते असं. प्रत्येक पेशीत बारक्या थैल्या असतात, त्यांना लायसोसोम म्हणतात. पेशीतला केरकचरा त्या थैल्यांत जिरतो. थैलीच्या आवरणात एक प्रथिन लागतं. भिंगरीच्या अंगात ते वाकडंतिकडं तयार होतं, थैलीपर्यंत पोचायच्या आतच मोडीत निघतं, आणि कचरा जिरायचा थांबतो. डॉक्टर मान खाली घालून बोलले होते, "आधी डोळे जातील, मग आठवण, मग पाय. जे शिकवायचंय ते आत्ता शिकवून घ्या."

आत्यानं त्याच महिन्यात आपली जुनी, मुरलेली नोकरी सोडली आणि या एकाच प्रथिनावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आपल्याहून लहान बाईच्या हाताखाली रुजू झाली. लोकांनी वेड्यात काढलं. काढोत, म्हणाली.

पेशी हव्या होत्या. भिंगरीच्या दंडावरून मसुरीच्या दाण्याएवढी कातडी काढायची ठरली, तर पोरीनं दवाखाना डोक्यावर घेतला. शेवटी आत्यानं बाही वर केली. "आधी माझी काढा. बघू कोण रडतं ते." अशा दोघींच्या दंडांवर सारख्या खुणा झाल्या. पुढे आत्याची जखम भरली, भिंगरीची चिघळली, आणि वहिनीनं बजावलं की पुन्हा माझ्या पोरीला पातं लागणार नाही. तिचं काय चुकलं? कुठल्याही आईनं हेच केलं असतं.

प्रयोगशाळेत आत्याच्या पेशी तणासारख्या माजल्या. भिंगरीच्या पेशी मात्र हट्टी. बशीत टाकल्या की आठवडेच्या आठवडे नुसत्या पडून. मोजक्याच कुप्या भरल्या, त्या गोठवून ठेवल्या, आणि त्यानंतर आत्यानं जी चिक्कूपणाची कमाल केली ती पाहून शेजारच्या टेबलावरचा संशोधकही हात जोडायचा. हा माणूस प्रत्येक गोष्टीत "पण असं नसेल तर?" असं विचारायचा, म्हणून सगळे त्याला शंकासुर म्हणत. त्यालाही ते आवडायचं.

कोरी काच आत्यानं आपल्याच पेशींची केली. तिचा हिशोब सरळ होता. कोरं ते कोरं. माझं काय नि पोरीचं काय, एकाच घरचं रक्त. जिथे काही दिसायचंच नाही त्या काचेवर भिंगरीचा एक थेंब तरी कशाला उधळायचा? आपली कोरी काच तिनं पाहिली, ती काळीकुट्ट निघाली, आणि ती निश्चिंत झाली. माया माणसाला आंधळं करते असं म्हणतात. इथे मायेनं तिला काटकसरी केलं, आणि ते जास्त महागात पडलं.

औषध म्हणून एक पांढरी भुकटी होती. वाकड्या प्रथिनाला ती हात देते, सावरून थैलीपर्यंत नेते, असा सगळ्यांचा कयास. आत्यानं भुकटी देण्याआधी भिंगरीच्या पेशींची एक काच करून ठेवली होती. त्या काचेवर अँटीबॉडी लावूनही जवळजवळ अंधार, चुकूनमाकून एखादा ठिपका. मग बशीतल्या उरलेल्या पेशींना पुष्कळ आठवडे भुकटी दिली, पोटच्या पोराला भरवावं तशी. त्यांची काच केली, अँटीबॉडी लावली, अंधाऱ्या खोलीत जाऊन डोळा लावला.

चाळणीतून उजेड पडावा तसे ठिपकेच ठिपके. पेशीभर हिरवे. नेमके थैल्या असतात तिथेच.

ती तिथे स्टुलावर बसून हमसून हमसून रडली. शंकासुर धावत आला, त्यानंही डोळा लावला आणि "आत्या!" एवढंच म्हणाला. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई आल्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? लिहायला घ्या," म्हणाल्या. सगळे पांगल्यावर शंकासुर घुटमळला.

"आत्या, रागावू नका. भिंगरीच्या पेशींची कोरी काच कुठाय?"

"माझी आहे की."

"तुमची आहे. तिची?"

"तुला काय जातंय बोलायला? कुप्या किती उरल्यात ठाऊक आहे? तुझ्या शंकेपायी त्या ओतून टाकू?"

तो आपल्या टेबलाकडे वळला. रडून डोळे सुजलेल्या आत्याशी कोण वाद घालणार!

त्याच संध्याकाळी ती दादाच्या घरी गेली. तिथे पलंगावर भिंगरी आणि समोर एक शिक्षिका बसली होती. डोळे नसलेल्या मुलांना बोटांनी वाचायला शिकवणारी ही बाई पहिल्यांदाच आली होती. जाड कागदावरचे उठावाचे ठिपके ती भिंगरीच्या बोटाखाली देत होती. "दोन ठिपके, एकाखाली एक, की ब." भिंगरीनं एकदाच बोट फिरवलं आणि पुढच्या ओळीत चार ठिकाणी लपलेला ब ओरडून ओरडून शोधून काढला. "बाबातला ब! बशीतला ब!" शिक्षिका खूश होऊन म्हणाली की एवढ्या झटपट शिकणारं पोर मी पाहिलं नाही, आठवड्यातून दोनदा येत जाईन.

ती गेली, आणि आत्यानं वहिनीचे दोन्ही हात धरले. मोबाइलवरचं चित्र दाखवलं.

"वहिनी, थोडं थांबा. काहीतरी दिसतंय."

फक्त एवढंच बोलली. बोलताना तिला वाटलं होतं, आपण किती जपून बोलतोय. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि ही तर काडी नव्हे, अख्खं चित्र होतं. पुढच्या खेपेला शिक्षिका दारात आली तेव्हा वहिनीनं तिला चहा दिला आणि परत पाठवलं. "डोळे राहणार असतील तर बोटांनी कशाला वाचायचं? आतापासून आंधळी म्हणून वाढवू का मी तिला?" आत्या तेव्हा तिथेच बसलेली होती. ती काही बोलली नाही. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी अभिमान वाटला.

दादा सुतार. त्यानं त्या चित्राची मोठी प्रत काढून आणली आणि तिला शिसवी चौकट केली. कोपरे असे जुळवले की सांध्यात नख जाऊ नये. भिंगरीच्या पलंगाच्या वर ती ठोकताना आनंदाच्या भरात बोलून गेला, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!" आणि मग स्वतःच जीभ चावली. पण तो दिवसच असा होता, की त्यावरही सगळे खळखळून हसले. भिंगरी सगळ्यात जास्त.

त्याला वर्ष झालं.

त्या वर्षात भिंगरीची नजर गेली. उरलं ते इतकंच, की खिडकी कुठे आहे ते तिला कळायचं. घरातल्या भिंतींवर तिच्या खांद्याच्या उंचीला तळहाताची एक मळकट पट्टी उमटली होती, स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत. वहिनी म्हणायची, होऊ दे मळकी, औषध आलं की रंग देऊ. औषध द्यायला दवाखान्याच्या समितीची परवानगी हवी होती, समितीला सगळे पुरावे हवे होते, आणि ते जमवताना शंकासुर पुन्हा आत्याच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बाहेरच्या माणसानं विचारण्यापेक्षा मीच विचारतो. कोरी काच, आत्या."

या वेळी ती भांडली नाही. त्याचं तोंड एकदाचं बंद करायचं म्हणूनच तिनं भिंगरीची शेवटची कुपी काढली. पुन्हा तेच आठवडे, तीच भुकटी. शेवटी दोन काचा केल्या, एकीला अँटीबॉडी, एक कोरी. कोऱ्या काचेच्या कोपऱ्यावर हिऱ्याच्या लेखणीनं ओरखडा काढला, अदलाबदल नको म्हणून. डोळ्यांत तेल घालून सगळं केलं. आणि दुपारी जेवणाआधी, पटकन उरकून टाकू म्हणून, अंधाऱ्या खोलीत कोरी काच झोताखाली ठेवली.

ठिपकेच ठिपके. पेशीभर हिरवे.

तिनं काच काढली. कोपरा बोटानं चाचपला. ओरखडा होता.

"अदलाबदल झाली असेल," शंकासुर मागून म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटावा असा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो शंका काढत नव्हता, पळवाट काढून देत होता.

"झाली नाही."

"चुकून अँटीबॉडीचा थेंब पडला असेल."

आत्याचे हात आपोआप चालत होते. अँटीबॉडीला बांधलेला हिरवा रंग फक्त हिरव्या गाळणीतून, म्हणजे हिरवाच उजेड पुढे जाऊ देणाऱ्या काचेतून, दिसतो. लाल गाळणीतून तो दिसत नाही, तिथे काळोखच हवा. तिनं गाळणी बदलली. तेच ठिपके, त्याच जागी, आता लाल. मग ती उठली, कपाटातून मागच्या वर्षीची ती काच काढली, जिचं चित्र दादानं चौकटीत बसवलं होतं, आणि तीही लाल गाळणीखाली धरली. तिथेही तेच.

दोघांनाही आता समजायचं काही उरलं नव्हतं. ज्या कचऱ्यानं भिंगरीच्या थैल्या भरतात, तो जुना झाला की आपला आपणच चमकतो. हिरव्यातही, लालमध्येही. आत्याच्या पेशींत तो नव्हता, म्हणून तिची कोरी काच काळी होती. भिंगरीच्या पेशींत भुकटी देण्याआधी तो थोडा होता, नंतरच्या आठवड्यांत साठत गेला. भुकटीनं काही केलं नव्हतं. प्रथिन कुठेही पोचलं नव्हतं. आत्यानं रोग वाढतानाचा फोटो काढला होता आणि त्याला औषध म्हटलं होतं.

"मी तेव्हाच भांडायला हवं होतं," शंकासुर म्हणाला.

"मी ऐकलं असतं?"

"नाही," तो म्हणाला.

त्यानं "मी म्हटलं होतं" असं म्हणायला हवं होतं, तिला बरं वाटलं असतं. कुणीतरी तिला दोन थोबाडीत मारायला हव्या होत्या. ते काहीच झालं नाही. त्यानं झोत बंद केला आणि यंत्राच्या पंख्याची घरघर थांबेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मन तिला दादाच्या घरापर्यंतच्या सबंध वाटेवर सांगत होतं. परवानगी मिळाली नाही एवढंच सांग. समितीच्या माथी मार. कुणाला कळतंय? ती जिना चढली तरी मन तेच सांगत होतं.

"आत्या! तुझ्या चपलांचा आवाज," भिंगरी आतून म्हणाली. भिंतीवरून हात फिरवत आली, आत्याच्या पोटाला बिलगली. "मला काय आणलंस?"

"काही नाही गं आज."

"बरं." मग जरा वेळानं, "आत्या, मला काय आणलंस?"

आत्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी भिंगरीच्या सदऱ्यांची बटणं उसवून तिथे ओढायची नाडी शिवत होती. बटणं लावायला भिंगरीला हल्ली आठवत नसे. "कुठे कुठे विसरते," वहिनी घाईनं म्हणाली. "झोप कमी झाली की होतं असं. औषध सुरू झालं की..."

"वहिनी, औषध नाहीये."

दादा न्हाणीतून बाहेर आला होता, केसांत अजून लाकडाचा भुसा. तो टॉवेल हातात धरून तसाच उभा राहिला. आत्यानं सगळं सांगितलं. भिंगरीच्या कोऱ्या काचेचं, आपल्या कोऱ्या काचेचं, वाचवलेल्या कुपीचं. अवघड शब्द एकही वापरला नाही, कारण अवघड शब्दांमागे लपता येतं हे तिला ठाऊक होतं.

"म्हणजे ते दिवे?" वहिनीनं पलंगाच्या वर पाहिलं. "मी रोज झोपताना तिचं बोट धरते आणि त्याच्यावर ठेवते. बघ, हे तुझ्यातले दिवे, असं सांगते तिला."

"तो कचरा आहे, वहिनी. साठलेला. तोच चमकतो."

वहिनीनं सुई कापडात खोचून ठेवली. "ताई, तुम्ही म्हणालात थांबा."

"हो."

"मी थांबले."

तिनं सुई परत उपसली आणि नाडी शिवायला घेतली. तिनं आदळआपट केली असती, घराबाहेर काढलं असतं, तर आत्या मुकाट्यानं जिना उतरली असती. दादा पलंगावर चढला आणि चौकट उतरवायला लागला.

"बाबा, काय करताय?" आवाजावरून भिंगरीनं ओळखलं. "माझे दिवे नका ना काढू!" आणि ती अशी किंचाळून रडायला लागली की दादाला चौकट परत खिळ्यावर अडकवावी लागली. ती आजही तिथेच आहे.

शिक्षिकेला पुन्हा बोलवायला आत्याच गेली. वहिनीनं तेवढंच सांगितलं होतं, तोंड फिरवून, "त्या बाई येतात का बघा." बाई भल्या. मागचं काही न काढता पुढच्याच आठवड्यात आल्या, तोच जाड कागद घेऊन. पलंगावर भिंगरी, समोर बाई, कोपऱ्यात आत्या, आणि दारात वहिनी, आत न येता.

"दोन ठिपके, एकाखाली एक, की ब," बाई म्हणाल्या. भिंगरीचं बोट कागदावर टेकवलं.

बोट थांबलं. भिंगरीचा चेहरा एकदम उजळला. गेल्या वर्षात असा तो कुणी पाहिला नव्हता.

"ठिपके! आत्या, हे माझ्यातले ना? सापडले! मला आता दिसणार ना?"

आत्यानं दाराकडे पाहिलं. वहिनी तिच्याचकडे पाहत होती, आणि या वेळी तिच्या नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट पाहत होती, ही काय बोलते याची.

"नाही गं, राणी," आत्या म्हणाली. "हे ते नाहीत. नाही दिसणार."

भिंगरीचा खालचा ओठ बाहेर आला. ती रडली. थोडंच, दमल्यासारखं. बाईंनी तिचे डोळे पुसले, थांबल्या, आणि पुन्हा तिचं बोट हळूच कागदावर ठेवलं.

"दोन ठिपके, एकाखाली एक..."

"मागच्या वर्षी ही एका बैठकीत शिकली होती," वहिनी दारातून म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

बोट कागदावरून सरकलं, थांबलं. आणि तोच चेहरा, तसाच, पुन्हा उजळला.

"ठिपके! आत्या, हे माझ्यातले ना? मला आता दिसणार ना?"

बाईंनी आत्याकडे पाहिलं. "थांबा" हे आत्याला एकदाच म्हणावं लागलं होतं. तिनं पुढे होऊन भिंगरीचा हात हातात घेतला आणि दुसऱ्यांदा सांगितलं.